फ्रान्सिस्कन झगा: टोपी तिसऱ्यांदा उसवली

मागच्या वेळी बेतलेलं कापड दाखवताना मी छातीठोकपणे लिहिलं होतं की झग्याच्या गळ्याला जोडलेली टोपी म्हणजे दोन तासांचं काम. शब्द मागे घेते. अंगाचा झगा दीड दिवसात उभा राहिला आणि टोपीने तीन रविवार खाल्ले.

नव्याने आलेल्यांसाठी हकिगत थोडक्यात. भाच्याच्या कॉलेजच्या नाटकात तेराव्या शतकातला एक इटालियन फ्रान्सिस्कन साधू (असिसीच्या संत फ्रान्सिसच्या ख्रिस्ती पंथातला) आहे आणि ती भूमिका भाच्याकडे आली. "मावशी, तू शिवतेसच ना," एवढ्या एका वाक्यावर काम माझ्याकडे आलं. उंची पाच फूट दहा, छाती 40, आणि बोलताना दोन्ही हात वर फेकायची खोड. ही खोड मापात धरावी लागली, ते पुढे येतंच.

कापडावरून बराच खल झाला. संत फ्रान्सिसच्या काळात (तो वारला 1226 मध्ये) हे साधू न रंगवलेल्या जाड्याभरड्या लोकरीचा झगा घालत. इंग्लंडात त्यांना 'ग्रे फ्रायर्स' म्हणायला लागले ते त्या करड्या रंगामुळेच. म्हणजे जवळपास आपली घोंगडीच की. मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. घरातली जुनी घोंगडी काढून एक कोपरा मशीनच्या फूटखाली सरकवूनही पाहिला. एकपदरी गेला, दुपदरी अडकला, आणि कळ्या (घेर वाढवायला बाजूंना लावायचे त्रिकोणी तुकडे) जोडताना काही ठिकाणी चार पदर येतात. शिवाय स्टेजच्या दिव्यांखाली पोरगं उकडून निघालं असतं. दिग्दर्शकाला तर करडा रंग मुळातच नको होता, कारण लोकांच्या डोळ्यांसमोर साधू म्हणजे तपकिरीच. (कापुचिनो कॉफीचं नाव याच घराण्यातलं. कापुचिन ही फ्रान्सिस्कनांची सोळाव्या शतकातली शाखा; त्यांना नाव मिळालं टोकदार टोपीवरून, आणि कॉफीला त्यांच्या झग्याच्या रंगावरून.) शेवटी पडद्याचं तपकिरी केसमेंट घेतलं, 48 इंच पन्हा (म्हणजे रुंदी), साडेतीन मीटर. रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मोजलं तर पाच इंच आटलं होतं. न भिजवता कापणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा.

कापणं सोपं आहे, सगळे चौकोन आणि त्रिकोण. 116 इंच लांबीतून 27 इंच रुंदीचा एक सलग पट्टा उभा काढला. तो खांद्यावर दुमडला की पुढचा-मागचा भाग एकाच तुकड्यात, खांद्याला शिवणच नाही. उरलेल्या 21 इंची पट्ट्यात दोन बाह्या (लांबी 21, घेर 24), 34 इंच उंचीच्या चार कळ्या आणि टोपी, एवढं सगळं बसलं. कळ्या दोन्ही बाजूंना कमरेपासून खाली, प्रत्येक बाजूला दोन. खालचा घेर 90 इंचांच्या आसपास. चालताना पाय अडकत नाहीत आणि वळला की झगा जरा मागून येतो, तसं हवंच होतं.

हात वर फेकायच्या खोडीवर उपाय म्हणजे चौबगला. काखेत बसणारा पाच इंची चौकोन, जुन्या पद्धतीच्या कुडत्यात असतो तोच. तो नसला तर हात वर झाला की अख्खा झगा वर येतो आणि खाली जीन्स दिसते. चौबगला लावताना सगळा खेळ कोपऱ्यात असतो. माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) अर्ध्या इंचाची असेल तर कडेपासून बरोबर अर्धा इंच आधी टीप थांबवायची, सुई कापडात रुतलेलीच ठेवायची, फूट उचलून कापड फिरवायचं, मग फूट खाली. एक टाका जरी पुढे गेला तर काखेत चोच उभी राहते आणि ती इस्त्रीने बसत नाही. माझ्या आठ कोपऱ्यांपैकी सहा चांगले आले. उरलेले दोन डाव्या काखेत आहेत, ती बाजू प्रेक्षकांकडे फारशी नसते.

आता टोपी.

अंगाचं मांजरपाटात आधी शिवून पाहिलं होतं. टोपीचं नाही पाहिलं, कारण दोन तासांचं काम! 32 बाय 13 चा तुकडा, मधे दुमडून 16 इंच उंची, मागे शिवण, खालची कड गळ्याला. झाली टोपी. घालून उभा केला तर देखणा दिसला. मग त्याने टोपी मागे टाकली आणि तीन पावलं चालला. पुढचा गळा कंठमण्याला लागला, झग्याचा पुढचा काठ दोन इंच वर आला आणि मागचा जमिनीला टेकला. "मावशी, हे मला फाशी देतंय," म्हणाला.

मी आधी टोपीलाच दोष दिला. जड झाली असेल, लहान करू. पण टोपी निमित्त होती, चूक गळ्यात होती. घडीच्या बरोबर मधोमध गोल गळा कापला होता मी, दोन इंच मागे, दोन इंच पुढे. माणसाची मान काही खांद्याच्या मधोमध खांब रोवल्यासारखी नसते, ती पुढे झुकलेली असते. गळा मागे फार आणि पुढे कमी असला की झगा आपणहून मागे घसरतो. टोपी नसती तर ते अर्धा इंच घसरणं कोणाच्या लक्षातही आलं नसतं. टोपीच्या वजनाने तेच दोन इंच केलं. खांद्याला शिवण असती तर तिथे सुधारता आलं असतं, इथे ती सोयच नाही. मग पहिलं उसवणं. पुढचा गळा दीड इंच खाली घेतला, आणि मागे जास्त कापलं गेलेलं भरून काढायला मानेखाली चंद्रकोरीच्या आकाराचं ठिगळ लावलं. आता मागे एक, पुढे साडेतीन, आणि डोकं जायला पुढे सहा इंची चीर. ठिगळ टोपीखाली झाकलं जातं. दिसलं असतं तरी चाललं असतं, असिसीला फ्रान्सिसचा म्हणून जो झगा जपून ठेवलाय तो ठिगळांचाच आहे.

कोणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगते: हो, टोपी खांद्यावरच्या छोट्या केपला जोडून वेगळी ठेवता येते, आणि तशी केली तर झग्याचा गळा ओढला जाण्याचा प्रश्नच येत नाही. पण नाटकात त्याला एका अंधारात झगा चढवून परत यायचंय. दोन तुकडे झाले तर एक विंगेत राहणार हे नक्की. जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये (आताची इमारत 1661 ची) मुख्य वेदीच्या दोन्ही बाजूंना संताच्या आयुष्यातले प्रसंग लाकडी फळ्यांवर रंगवलेत. गेल्या वर्षी तिथे मी देवापेक्षा कपडेच जास्त पाहिले. पण चित्रातून घडी कळते, शिवण कळत नाही.

दुसऱ्या उसवण्याचं श्रेय सासूबाईंना. गळा सुधारला तरी टोपीच्या मागे वर एक टोक उभं राहत होतं, पावसात पोत्याची खोळ घेतल्यावर राहतं ना, अगदी तसं. आणि टोपीची खालची कड 23 इंच, गळा 18. जास्तीचे पाच इंच मी चुण्या करून गळाभर सारखे वाटले होते. त्यामुळे दोन्ही गालांशी फुगे. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर कुंचीच की. पण कुंचीच्या चुण्या कुणी गालाशी घालतं का? सगळ्या मानेशी घाल. बाळाच्या तोंडाशी कापड साधंच राहू दे."

एकवीस वर्षांच्या, दाढी वाढवलेल्या बाळाची कुंची! पण त्यांचं बरोबर होतं. चुण्या काढून सहा प्लेटा (दुमडून बसवलेल्या सपाट घड्या) केल्या, सगळ्या मानेमागच्या चार इंचांत, तोंडं मधल्या शिवणीकडे. वरचा कोपरा दोन इंचांच्या गोलाईत शिवून जास्तीचं कापड कापून टाकलं. गालाशी कड सपाट बसली आणि टोपी मागे टाकली की प्लेटांमुळे पाठीवर नीट पसरायला लागली, आधी ती पिशवीसारखी लोंबायची. वजन एका बिंदूवर न येता खांद्यांवर वाटलं गेलं, त्यामुळे ओढही अजून कमी झाली. हे मला अपेक्षित नव्हतं.

तिसरं उसवणं तालमीनंतर. वरून एक दिवा लावला आणि टोपीच्या आत नुसता अंधार. नाकाचा शेंडा तेवढा चमकत होता. दिग्दर्शकाचं म्हणणं, साधू आहे, भूत नाही. टोपीची खोली सरसकट कमी केली असती तर खालची कड आखूड होऊन प्लेटांचं गणित परत बिघडलं असतं. म्हणून पुढची कड उसवून आत तिरकी दुमडली: कपाळावर दोन इंच, खाली येत येत गळ्याशी शून्य. दुमड दिसू नये म्हणून हाताने तुरपाई, एकेक धागा उचलून. आता भुवयांपर्यंत उजेड येतो.

एक गोष्ट सुटलेली नाही. टोपी चढवली की त्याला समोरच्याचा क्यू नीट ऐकू येत नाही, केसमेंट कानावर घट्ट बसतं. टोपी कानामागे सारून पाहिली तर चेहरा सशासारखा दिसतो. कानाच्या जागी आतून जाळीचं कापड लावून कोणी पाहिलंय का? बाहेरून दिसणार नाही असं काही जमलं असेल तर सांगा.

कमरेची दोरी झाली. सुती, बोटाएवढी जाड, चार मीटर. तीन गाठी, फ्रान्सिस्कनांच्या तीन व्रतांच्या: निर्धनता, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. साधी गाठ मारली तर ती गाठ वाटतच नाही, प्रत्येकीला पाच-पाच वेढे द्यावे लागतात, आणि तीन गाठींत पाऊण मीटर दोरी गेली. चारच्या जागी साडेचार घ्या.

खालचा काठ अजून मारलेला नाही. कळ्यांची एक बाजू तिरकी कापलेली असते, ती टांगल्यावर खाली उतरते, म्हणून झगा गुरुवारपासून हँगरवर आहे. काल मोजलं तेव्हा दोन्ही बाजूंना पाऊण इंच झोळ आला होता. रविवारी भाच्याला नाटकातल्याच चपला घालून स्टुलावर उभा करणार, जमिनीपासून दोन इंचांवर खडूने गोल खूण करणार आणि मगच कात्री लावणार.