भाला जप्त

सिडनीहून दक्षिणेला तीन तासांवर उलाडुल्ला, तिथे मी स्पिअरफिशिंग शिकायला गेलो होतो. वाटेतलं सगळं गाळतोय, अगदी बेरी गावात डोनटसाठी रांगेत केलेली पाऊण तासाची तपश्चर्यासुद्धा. मला सांगायचंय ते शनिवारी सकाळी माझ्या हातातला भाला काढून घेतला गेला त्याबद्दल.

स्पिअरफिशिंग म्हणजे श्वास रोखून बुडी मारायची आणि भाल्याने मासा टिपायचा. इथल्या न्यू साउथ वेल्स राज्यात हवेचं सिलिंडर लावून भाला चालवायला बंदी आहे, म्हणजे छातीत मावेल तेवढ्याच हवेवर कारभार. मी म्हटलं, हे तर घरचंच! साताऱ्याकडच्या आमच्या गावी कमरेला भोपळा बांधून विहिरीत ढकललं, तेव्हापासून मी पाण्यात आहे. तळाची माती मुठीत घेऊन वर यायच्या पैजा जिंकलोय. शिकवणाऱ्या बाईंना हे सगळं मी पहिल्याच दिवशी ऐकवलं. त्या "लव्हली" म्हणाल्या आणि अख्खा शुक्रवार त्यांनी आम्हाला पोहण्याच्या तलावात ठेवलं. बुडी मारायला वजन म्हणून कमरेला बांधलेला शिशाचा पट्टा एका हाताने सोडा. परत बांधा. परत सोडा. भाला नुसता दाखवलासुद्धा नाही. एवढे पैसे भरून पट्टा सोडायला शिकतोय म्हणून मी रात्री बायकोकडे फोनवर भरपूर कुरकुर केली.

शनिवारी समुद्र. पाणी असं गार की वेटसूटच्या मानेतून पहिली धार आत शिरली तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. बरोबर निळा-पांढरा झेंडा लावलेला, पाण्यावर तरंगणारा फ्लोट, म्हणजे बोटवाल्यांना खाली माणूस आहे हे कळावं. हातात साधा भाला, मागे रबराचा फास. रबर ताणायचं ते पाण्याखाली गेल्यावरच, आणि टोक कधीही माणसाकडे नाही. पहिल्या बुड्या पाच-सहा मीटरच्या. दोन झाल्या. तिसरीच्या आधी मी सवयीने, विहिरीच्या काठावर घ्यायचो तसे, भात्यासारखे दहा-बारा श्वास भराभर घेतले.

खांद्यावर हात पडला. "हे काय होतं?"

"तयारी," मी म्हटलं.

बाईंनी भाला माझ्या हातून घेतला आणि फ्लोटला अडकवला. आज तू फक्त बघायचंस.

त्रेचाळिसाव्या वर्षी वर्गाबाहेर उभं राहायची वेळ! चूक इतरांनीही केली असेल की, हाही विचार आला. पण फ्लोटला धरून लाटांवर डुलत बाईंनी जे सांगितलं, ते ऐकताना राग हळूहळू कुठे गेला कळलं नाही. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. भराभर श्वास घेतले की तो धुऊन निघतो, ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही. म्हणजे घंटाच बंद करून टाकायची. खाली पाण्याच्या दाबामुळे उरलासुरला ऑक्सिजनही पुरतो, मस्त वाटतं. वर येताना दाब उतरतो आणि शेवटच्या काही मीटरमध्ये माणसाची शुद्ध जाते. ओरडणं नाही, हातपाय झाडणं नाही. बहुतेकदा चांगले पोहणारेच यात सापडतात.

आमच्या विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते. साती आसरा. मी चौथीत असताना आळीतला एक दादा तळाची माती आणायला उतरला तो आलाच नाही. पट्टीचा पोहणारा. आसरांनी नेला म्हणाले, आणि त्याची आई पुढे दर अमावास्येला तिथे हिरव्या बांगड्या ठेवायची. मला आठवतो तो काठावर उकिडवा बसून भसाभसा श्वास घेणारा दादा, आणि ते श्वास मोठ्याने मोजणारी आम्ही पोरं. वीस झाले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

बाईंना यातलं काही सांगितलं नाही. आसरा इंग्रजीत कशा सांगणार?

उरलेला दिवस मी वुलनगाँगच्या एका इलेक्ट्रिशियन पोराची राखण केली. एक खाली, एक वर, हा नियम. त्याचं डोकं वर आलं की तीस मोजायचे, कारण वर येऊन श्वास घेतल्यावरही माणसाची शुद्ध जाऊ शकते. मोजताना ओठ निळे पडतात का, नजर थिजते का, ते बघायचं. मग जितका वेळ खाली होता त्याच्या निदान दुप्पट वेळ त्याला वर थांबवायचं. तो वैतागायचा. मी मराठीत मोजत होतो, एकही आकडा गाळला नाही.

रविवारी भाला परत मिळाला. आधी निळा ग्रोपर आला, इथला राज्यमासा, एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्यासारखा माझ्या मागेमागे. १९६९पासून त्याला भाल्याने मारायला बंदी आहे, आणि बहुधा त्यालाही ते ठाऊक असावं. मग खडकाच्या कपारीत रेड मॉरवाँग दिसला. नियमाने तो ३० सेंटीमीटर तरी हवा, पण मास्कमधून सगळं तिसऱ्या हिश्श्याने मोठं दिसतं. गळाला लागलेला लहान मासा सोडून देता येतो, भाल्याने भोसकलेला कसा सोडणार? मी घोळ घालत राहिलो आणि तो निघून गेला. शेवटी एक लेदरजॅकेट मिळाला. लगेच डोक्यात खिळा घालून तो फ्लोटला टांगला. कमरेला नाही, शार्कला आमंत्रण कशाला? त्याची जाड कातडी मोज्यासारखी सोलून निघते. मुक्कामाच्या सामायिक स्वयंपाकघरात रवा-तिखट लावून तळला. चार घास झाले.

रात्री गावी चुलतभावाला फोन लावला. विचारलं, "पोरं अजून विहिरीत बुड्या मारतात का रे?"

"कशाची विहीर घिऊन बसलायस," तो म्हणाला. "समद्यांनी बोअर मारल्यात. आपल्या हिरीत कचरा टाकत्यात आता."

"आणि ते सात दगड?"

"ते हायती की. दादाची आई जाती अजून अमावास्येला."