आमची वाटचाल: बडोद्याहून नर्मदेकाठी

बडोद्याच्या दांडिया बाजारातून आमच्या सहलींच्या गाड्या आधी धावल्या त्या नर्मदेकाठच्या गरुडेश्वरला. दत्तभक्त संत टेंबे स्वामींची समाधी तिथे, १९१४ सालची. बडोद्याला उतरणारे मराठी यात्रेकरू पहिल्यांदा तिथलाच रस्ता विचारत. ऑक्टोबर २०१८मध्ये सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचं लोकार्पण झालं आणि मागणी बदलली: सकाळी पावागड, दुपारी पुतळा, रात्री परतीची गाडी.

अशी सहल आम्ही घेत नाही. कालिकामातेच्या मंदिराचा डोंगर पावागड एका दिशेला सुमारे ५० किलोमीटर, पुतळा दुसऱ्या दिशेला सुमारे ९०. शिवाय पावागडाचा वेळ आपल्या हातात नसतो. डोंगराच्या मध्यावरच्या माचीहून रोपवे आहे, पण वारा वाढला की तो थांबतो, आणि वर उतरल्यावरही मंदिरापर्यंत पायऱ्या उरतातच. नवरात्रात तर गाड्या पायथ्याशीच अडवतात, मग एसटीची रांग. इकडे पुतळ्याच्या गॅलरीचं तिकीट ठरावीक वेळेचं. ती वेळ हुकली की पैसे गेले. म्हणून पावागडाबरोबर आम्ही फक्त पायथ्याचं जुनं शहर चांपानेर जोडतो. तिथली जामा मशीद निवांत बघायला हवी. २००४पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा आहे.

सोमवारी पुतळा बंद, लक्ष्मीविलास पॅलेसही बंद. तो दिवस वाया जाऊ नये म्हणून डभोई-चांदोदची फेरी बसवली, आणि आज तीच आमची सगळ्यात आवडती सहल आहे. डभोईची हिरा भागोळ, म्हणजे जुन्या तटाची वेस, उन्हं तिरपी असताना बघावी, कोरीवकाम उठून दिसतं. याच परिसरात १७३१ साली बाजीराव पेशवे आणि त्र्यंबकराव दाभाडे यांची लढाई झाली. पुढे चांदोदला नर्मदा आणि ओरसंगचा संगम, तिथून नावेने कर्नाळीचं कुबेराचं मंदिर. घाट उंच आणि पायऱ्या खड्या, गुडघेदुखी असलेल्यांनी आधीच सांगावं. त्यांना गाडीने थेट कर्नाळीला नेतो. अमावस्येला जाऊच नये, दर्शनाची रांग दिवस खाते. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की घाट बुडतो आणि नावा बंद होतात.

शहराला अर्धा दिवस पुरतो: तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं, कीर्तिमंदिरातली नंदलाल बोस यांची चित्रं, मग सेवउसळ. शहरातल्या विश्वामित्री नदीत बोटिंग होईल का, असं बरेच जण विचारतात. नदीत मगरी आहेत. हिवाळ्यात ऊन वर आलं की पुलावरून काठाकडे बघा, दिसतात.

चैत्रातली उत्तरवाहिनी परिक्रमा, म्हणजे नर्मदा उत्तरेकडे वाहते त्या पट्ट्याची पायी प्रदक्षिणा, हे आमचं सगळ्यात कष्टाचं काम. रामपुरा-तिलकवाडा पट्ट्यात नदी दोनदा ओलांडायची असते आणि खोळंबा होतो तो नावेपाशीच. त्यामुळे रविवार टाळतो, बडोद्याहून मध्यरात्रीनंतर निघतो आणि उजाडायच्या आत चालायला लागतो. दहानंतर वाळू तापते. पायात कापडी बूट आणि जवळ दोन लिटर पाणी नसेल तर गाडीत बसवत नाही.