रुग्णालयाचा विस्तार करताना: माझा अनुभव

तालुक्याच्या गावी आम्ही पती-पत्नी चालवत असलेल्या 25 खाटांच्या रुग्णालयाशेजारचा प्लॉट मिळाला, तेव्हा तिथे इमारत बांधून ती जुनीला जोडली की 60 खाटा होतील, एवढाच माझा हिशेब होता. ही जोडणीच सर्वांत अवघड ठरली.

जुन्या इमारतीत मजल्याची उंची 3.3 मीटर होती. नव्या शस्त्रक्रियागृहाच्या छतात वातानुकूलनाचे डक्ट आणि हवेतले अतिसूक्ष्म कण अडवणारे हेपा फिल्टर बसवायचे असल्याने तिथे 3.9 मीटर उंची आवश्यक होती. तळमजले एका पातळीत ठेवले, तर पहिल्या मजल्यावर 60 सेंटिमीटरचा फरक पडत होता. कंत्राटदाराने चार पायऱ्या सुचवल्या. पण नुकतीच शस्त्रक्रिया झालेला रुग्ण पायऱ्यांवरून न्यायचा कसा, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. पायऱ्यांऐवजी 1:12 चा, म्हणजे 12 मीटर लांबीत 1 मीटर चढणारा, उतार करायचा तर 7.2 मीटर लांबी लागते आणि ती मिळवण्यासाठी दोन स्पेशल रूम सोडाव्या लागणार होत्या. या खोल्यांचे उत्पन्न डोळ्यांसमोर असल्याने निर्णयाला मी तीन आठवडे लावले, हे कबूल करतो.

आराखडा अंतिम करण्यापूर्वी पत्नीच्या आग्रहाखातर आम्ही प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने पहिला मजला खऱ्या मापात आखला आणि वॉर्डातली एक खाट तिथे आणली. कॉरिडॉर नियमाप्रमाणे 2.4 मीटरचा होता, अतिदक्षता विभागाचे दार 1.2 मीटरचे होते; कागदावर सारे नेमके बसले होते. तरीही वॉर्डबॉय मामांनी खाट वळवताच तिचा कोपरा फक्कीच्या रेषेबाहेर गेला. मुख्य सिस्टर म्हणाल्या, “सर, नकाशात खाट आहे, पण सलाईनचा स्टँड आणि तो धरून चालणारी मी कुठे आहे?” दार दीड मीटरचे करून कोपऱ्यापासून दूर सरकवले. आर्किटेक्टच्या दोन महिन्यांच्या कामापेक्षा ही अर्ध्या तासाची कसरत मला अधिक उपयोगी वाटली.

अग्निसुरक्षेत काटकसर करण्याचा विचार आम्ही मुळीच केला नाही. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली, ती बातमी बालरोगतज्ज्ञ असलेल्या माझ्या पत्नीच्या मनातून गेलेली नाही. नवजात कक्षाला थेट बाहेरच्या जिन्याकडे उघडणारे दुसरे दार तिने करून घेतले. परवान्यांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर अग्निशमनाचा ना-हरकत दाखला, जैववैद्यकीय कचऱ्याचे अधिकारपत्र आणि वाढीव खाटांची नोंदणी यांसाठी एकच माणूस नेमावा. तीन जणांत कागद विभागले की एक तरी हरवतो.

ऑक्सिजनची जुनी पाइपलाइन नवीला जोडण्यासाठी मुख्य पुरवठा पहाटे तीन तास बंद ठेवावा लागला. ऑक्सिजनवर असलेल्या चारही रुग्णांच्या उशाशी सिलिंडर आणि प्रत्येकाजवळ एक सिस्टर अशी व्यवस्था केली होती. जोडणारी भिंत फोडताना मात्र माझा अंदाज चुकला. प्लायवूडचा आडोसा लावूनही बारीक धूळ आत शिरली आणि जंतुसंसर्गाच्या भीतीने जुने शस्त्रक्रियागृह नऊ दिवस बंद ठेवावे लागले. आडोशाच्या आतली हवा बाहेर खेचणारा पंखा आधीच बसवायला हवा होता.

आता उतारावरून खाट सहज जाते. फक्त नातेवाइकांसाठी मी आराखड्यात बाराच खुर्च्या धरल्या होत्या, त्यामुळे भेटीच्या वेळी जेवणाचे डबे मांडीवर घेऊन मंडळी त्याच उताराच्या कडेला बसतात आणि खाट आली की मामा त्यांना उठवतात.