सेंट जॉनची पुळण

माझं माहेर रत्नागिरीचं, मांडवीच्या किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर. समुद्र रोजचाच. शाळेतून आल्यावर दप्तर टाकलं की पुळणीवर. तरी पाण्याच्या आत काय असतं ते मी पहिल्यांदा पाहिलं वयाच्या 57 व्या वर्षी, तेही कॅरिबियनमधल्या सेंट जॉन बेटावर. आमच्याकडे बायकांचा समुद्र घोट्यापर्यंत, फार तर गुडघ्यापर्यंत. शेजारच्या बायका ओहोटीला खडकांवर कालवं काढायला जायच्या, मी टोपली घेऊन त्यांच्या मागे. कमरेएवढ्या पाण्यात कुणी गेलीच तर काठावरून हाका सुरू व्हायच्या.

मुलगी फ्लोरिडात असते. फेब्रुवारीत तिने आम्हा दोघांना सात रात्रींच्या क्रूझवर नेलं, जावईही बरोबर होते. फोर्ट लॉडरडेलहून निघून जहाज सेंट मार्टिनला थांबलं आणि दुसऱ्या दिवशी सेंट थॉमसला. सेंट थॉमस, सेंट जॉन आणि सेंट क्रॉय ही अमेरिकेची बेटं. 1917 साली अमेरिकेने ती डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलर मोजून घेतली. आपल्या पासपोर्टवर जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की वाटेत सेंट मार्टिनसारखं परकं बेट लागतं, म्हणजे असा प्रवास अमेरिकेबाहेर पडून पुन्हा आत येणं, त्यामुळे व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. आम्हाला त्या दिवशी सकाळी लवकर पासपोर्ट घेऊन तपासणीला बोलावलं होतं. पंधरा मिनिटांत सुटलो, पण नाश्ता घाईत झाला.

सेंट थॉमसहून सेंट जॉनची सहल कशी घ्यायची यावर घरात बरीच चर्चा झाली होती. जावयांचं म्हणणं, आपलं आपण जाऊ. टॅक्सीने बेटाच्या पूर्व टोकाला रेड हुक, तिथून वीस मिनिटांची लाँच, पलीकडे सेंट जॉनच्या क्रूझ बे गावात पुन्हा टॅक्सी. पैसे नक्की कमी लागले असते. पण तीन ठिकाणी चढ-उतार, माझा उजवा गुडघा दुखरा, आणि परतीची लाँच चुकली तर जहाज थांबत नाही. जहाजामार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज आपल्या माणसांची वाट बघतं, निदान पुढची सोय तरी तेच करतात. मला त्या एका गोष्टीसाठी जास्त पैसे द्यायला काही वाटलं नाही. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. फक्त तिकीट घेताना काउंटरवर नीट विचारा: किनाऱ्यावर प्रत्यक्ष किती वेळ मिळतो, गाडीला पायऱ्या आहेत का, पाण्यात गाईड सोबत उतरतो का. आमच्या तिकिटावर पाच तास लिहिले होते. किनाऱ्यावर मिळाले सव्वादोन.

आणखी दोन तयाऱ्या आधी कराव्या लागतात. पहिली सनस्क्रीनची. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रायलीन या तीन रसायनांचं सनस्क्रीन मार्च 2020 पासून या बेटांवर कायद्याने बंद आहे, कारण त्याने प्रवाळाला अपाय होतो. मी दुकानातून आणलेल्या बाटलीत त्यातली दोन निघाली. मुलीने ती घरीच ठेवायला लावली आणि झिंक ऑक्साइडचं घेतलं. ते पांढरंफटक दिसतं, पण चालतं. मी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा आणि लेगिंग्ज घातल्या होत्या, त्यामुळे तोंड, मान आणि पावलं एवढ्यालाच ते लागलं. हा पोशाख आपल्या बायकांना फार सोयीचा, संकोचही राहत नाही. दुसरी तयारी घड्याळाची. हिवाळ्यात सेंट थॉमसचं घड्याळ फ्लोरिडाच्या एक तास पुढे असतं. जहाजाने आदल्या रात्री सगळ्यांना काटे पुढे करायला सांगितले होते. मोबाइल कधी बदलतो, कधी नाही. ह्यांनी मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावलं आणि दिवसभर त्याच्यावरच विसंबलो.

सकाळी जहाजाच्या थिएटरात जमलो. छातीवर नंबराचं स्टिकर, मग रांगेने खाली धक्क्यावर. तिथे आमची गाईड उभी होती, सेंट जॉनचीच, साधारण माझ्याच वयाची. मुलीने जाताच विचारलं, सेंट जॉनची बोट हीच का? त्या बाईंनी हसून म्हटलं, "गुड मॉर्निंग." मुलगी गोंधळली. त्या पुन्हा म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." मग लक्षात आलं. या बेटांवर आधी रामराम, मग काम. दुकानात शिरताना, गाडीत चढताना, कुणालाही काही विचारायच्या आधी. मला ते इतकं ओळखीचं वाटलं! आमच्या आळीत कुणी नुसतं "पोस्ट कुठे आहे हो" विचारलं तर आजोबा आधी "कुठले तुम्ही?" म्हणून पडवीत बसवत. त्या क्षणापासून माझं त्या बाईंशी जुळलं.

लाँचला पाऊण तास लागला. दोन बेटांच्या मधल्या पट्ट्यात लाटा उभ्या होत्या. मागच्या बाजूला, मोकळ्या हवेत बसावं, तिथे हिंदकळणं कमी लागतं. क्रूझ बेला उतरून उघड्या गाड्यांत बसलो. ट्रकच्या मागे आडवी बाकं आणि वर छप्पर, त्याला तिथे सफारी म्हणतात. पहिली पायरी फार उंच होती. बाईंनी गाडीतून लाकडी स्टूल काढून माझ्यापुढे ठेवलं. रस्ता घाटाचा, गाड्या डाव्या बाजूने जातात, पण त्यांचं स्टिअरिंगही डावीकडेच. अमेरिकेच्या ताब्यातल्या भागात डावीकडून गाडी चालते ती इथेच.

चढ चढताना दोन्ही बाजूंना दाट हिरवे डोंगर होते. मी म्हटलं, किती जुनं जंगल आहे. बाई म्हणाल्या, हे जुनं नाही. इथे सगळीकडे ऊस आणि कापूस होता, डोंगर कापून पायऱ्या केल्या होत्या, आणि त्या करणारे आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. नोव्हेंबर 1733 मध्ये ते उठले आणि काही महिने बेटाचा बराचसा भाग त्यांच्या हातात होता. गुलामी कायमची सुटली ती 3 जुलै 1848 ला. तो दिवस तिथे अजून सणासारखा पाळतात. मळे ओस पडले तसं रान परत वाढलं. मग 1956 साली नॅशनल पार्क झालं. त्या हे सगळं सांगत होत्या तेव्हा गाडीत कुणी बोलत नव्हतं. माझा हात आपोआप समोरच्या बाकाच्या दांड्याला घट्ट धरला गेला होता. पुढच्या वळणावर ट्रंक बेची अर्धगोल पुळण खाली दिसली, आणि पाण्यात मधोमध एक छोटं बेट.

पुळणीवर पाय ठेवला आणि मी सवयीने भरतीची रेघ शोधायला लागले. शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचा पट्टा कुठे दिसतो का बघत होते. नव्हताच. मी विचारलं, ओहोटी किती वाजता? बाई म्हणाल्या, इथे पाणी जेमतेम फूटभर वर-खाली होतं, आम्ही त्याकडे बघतही नाही. हे मला पटेना. आमच्याकडे पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं, लग्नाच्या बोलणीलासुद्धा खाडी ओलांडायची तर भरतीची वेळ बघून माणसं निघायची. वाळूही वेगळी. मांडवीची काळी, ही पिठीसाखरेसारखी पांढरी. त्यातली बरीचशी वाळू पोपटमाशांची. ते प्रवाळाच्या खडकावरचं शेवाळ खरवडून खातात, बरोबर खडकही दळला जातो, आणि पोटातून बाहेर पडते ती वाळू. मी मूठभर हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. मग परत ठेवली, कारण पार्कमधून वाळू, शिंपला, प्रवाळाचा तुकडा काहीही न्यायचं नाही.

बाईंनी एक झाडही दाखवलं, मँचिनील. हिरवी, छोट्या सफरचंदासारखी फळं. खायचं नाही, हात लावायचा नाही, पावसात खाली उभंही राहायचं नाही, चीक अंगावर पडला तर फोड येतात. मी ह्यांना म्हटलं, बिब्बा उततो तसं. आणि उपाहारगृहामागे झुडपातून मुंगूस धावलं! लहानपणी मुंगूस दिसलं की तोंड दाखव म्हणून त्याला रामाची शपथ घालायचो. ते इथलं नव्हेच. 1872 साली उसातले उंदीर मारायला कोलकात्याहून नऊ मुंगूस जमैकात आणले, त्यानंतर ते बेटाबेटांवर गेले. उंदीर रात्री फिरतात, मुंगूस दिवसा. मग त्याने कासवांची अंडी आणि पक्षी खाल्ले. बाई त्याच्याकडे जशा बघत होत्या त्यावरून कळलं की तिथे ते दिसणं कुणाला शुभ वाटत नाही. मला वाईट वाटलं, मुंगसासाठीही आणि कासवांसाठीही.

मग पाण्याची वेळ आली. बाईंनी चकाकणारे दागिने काढायला सांगितलं, बॅराकुडा नावाचा मासा चकाकीकडे येतो म्हणे. मंगळसूत्र मी खोलीतल्या तिजोरीत ठेवून आले होते. 33 वर्षांत ऑपरेशनखेरीज ते उतरवलं नव्हतं. सकाळी हे स्वतःच म्हणाले, "काढ गं, रात्री परत घाल." गळा दिवसभर हलका लागत होता.

फुंकून फुगवायचं जॅकेट अंगात, तोंडावर मास्क, दातांत नळीचं रबर. गुडघाभर पाण्यात उभं राहून वाकले, चेहरा पाण्यात घातला, आणि सवयीने नाकाने श्वास ओढला. मास्क तोंडावर चिकटला, जीव घाबरला, ताडकन वर आले. दुसऱ्यांदा तोंडाने श्वास घेतला तर कपाळाकडून पाणी आत आलं, डोळे चुरचुरले. मी म्हटलं, राहू दे, मी काठावर बसते. बाईंनी काही समजावलं नाही. माझ्या मास्कच्या कडेखाली अडकलेली बटेची चार केसं बोटाने हळूच मागे सारली, आतली काच थुंकी लावून चोळली, धुतली, पट्टा कानांच्या वर बसवला आणि माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "पाय बघ तुझे. बाकी काही बघू नको."

मी माझे पाय बघितले. नखांवरचा रंग, जोडव्यांच्या जागचा पांढरा पट्टा, बोटांमधून सरकणारी वाळू, सगळं स्वच्छ, घरातल्या फरशीवर दिसावं तसं. पायांजवळून बोटभर लांबीचे, पारदर्शक वाटावेत असे मासे गेले. माझा श्वास नळीत घुमत होता, आधी धाप लागल्यासारखा, मग हळूहळू संथ. केव्हा जमिनीवरून पाय सुटले ते कळलंच नाही.

त्या छोट्या बेटाच्या कडेने समुद्राच्या तळाशी सुमारे 200 मीटरची वाट आखलेली आहे. तळावर पाट्या बसवल्यात, कुठलं प्रवाळ, कुठला मासा ते वाचत वरून तरंगत जायचं. बाईंनी शेवटपर्यंत माझा हात सोडला नाही. जांभळे समुद्रपंखे, म्हणजे पंख्याच्या आकाराचं प्रवाळ, लाटेबरोबर डावीकडे-उजवीकडे झुलत होते. वहीत ठेवून जाळी पडलेलं पिंपळपान असावं, तेवढी बारीक नक्षी. गर्द निळ्या माशांचा थवा खडकावर उतरला, चरला, निघून गेला. वाळूत दोन डोळे दिसले आणि त्यांच्याभोवतीची वाळू उठून पाखट या चपट्या माशासारखी पोहायला लागली. आणि आवाज! मला वाटायचं पाण्याखाली सगळं निःशब्द असेल. तिथे सतत कुरकुर चाललेली. मान वळवली तर हिरवा-गुलाबी पोपटमासा खडकावर दात लावत होता. कुणीतरी शेजारच्या खोलीत खडीसाखर चावावी तसा आवाज.

सगळंच सुंदर नव्हतं. कितीतरी प्रवाळ राखाडी, शेवाळलेलं, मेलेलं होतं. बाहेर आल्यावर बाईंनी सांगितलं, 2005 साली पाणी तापून प्रवाळ पांढरं पडलं, 2017 ला वादळ आलं, 2019 पासून प्रवाळाला एक रोगही लागलाय. त्यांच्या लहानपणी शिंगांसारखं फांद्यांचं प्रवाळ इतकं होतं की मधून पोहायला वाट नसायची. तेव्हा कळलं, आम्हाला पाण्यात उभं राहू नका, कशालाही हात लावू नका म्हणून त्या इतक्या कडकपणे का बजावत होत्या.

निघताना मोजणीत दोघं कमी भरले. दहा मिनिटं गाडी थांबली, बाई उन्हातून पुळणीच्या टोकापर्यंत शोधायला गेल्या आणि त्यांना घेऊन आल्या. ह्यांनी घड्याळ बघून मला खूण केली, वेळ आहे. धक्क्यावर उतरताना बक्षिशी देण्यासाठी सुटे डॉलर जवळ ठेवावेत. मी पैसे दिले आणि मराठीतच म्हटलं, "येते हं." त्यांनी मला मिठी मारली.

परत आल्यावर एक गोष्ट मनात घर करून राहिली. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, 1987 पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, लोक तिथे असाच मास्क लावून उतरतात. रत्नागिरीहून चार-पाच तासांची वाट, आणि मी कधी गेले नव्हते. फ्लोरिडातून मास्क विकत आणलाय. गेल्या आठवड्यात मालवणच्या एका होडीवाल्याला फोन केला, पाणी केव्हा स्वच्छ असतं म्हणून. तो म्हणाला, "डिसेंबर-जानेवारीत भांगाचे दिवस बघून येवा ताई, उधाणाक गढूळ असता."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले दिवस, आणि उधाण म्हणजे मोठी भरती. फोन ठेवला आणि कालनिर्णयात पौषातल्या अष्टमीवर पेन्सिलीने गोल केला.