कळव्याच्या पुलावरून मेकाँगच्या पुलावर

कळव्यात राहणाऱ्या माणसाला पूल ओलांडण्याचे अप्रूप राहत नाही. ठाण्यातल्या नोकरीसाठी मी सत्तावीस वर्षे रोज खाडी ओलांडली आणि त्यातला बराच काळ जुन्या पुलावरच्या खोळंब्यात काढला. भरती आहे की ओहोटी, एवढेच काय ते खिडकीतून पाहायचे. साष्टी बेट १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते, खाडीपलीकडचा कल्याणचा मुलूख कधी मोगलांकडे तर कधी मराठ्यांकडे असे, आणि म्हणून ठाण्याची ही खाडी दोन राज्यांमधली सरहद्द होती, हे शाळेत शिकले होते. पण ते परीक्षेपुरते. २०२५ च्या जानेवारीत आम्ही थायलंडमधून लाओसमध्ये मेकाँग नदीवरच्या पुलाने गेलो, तेव्हा हा धडा अनेक वर्षांनी पुन्हा उघडला.

आम्ही तिघे होतो: मी, माझे यजमान आणि माझ्या मोठ्या नणंदबाई, ज्यांना मी अजूनही वन्संच म्हणते. वन्संनी डोंबिवलीच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे प्रवासात त्यांच्या हाती नकाशा आणि आमच्या हाती पिशव्या अशी वाटणी आपोआपच झाली. बँकॉकहून रात्रीच्या गाडीने सुमारे ६२० किलोमीटरचा प्रवास करून आम्ही सकाळी नाँग खाय या सीमेवरच्या गावी उतरलो आणि तिथून टुकटुकने, म्हणजे आपल्या रिक्षाच्याच थोरल्या बहिणीने, पुलाच्या तोंडाशी पोहोचलो.

सरहद्द म्हणजे एक रेघ, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती चांगली लांबलचक निघाली. थायलंडच्या चौकीत पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसला, म्हणजे कागदोपत्री आम्ही तो देश सोडला. परंतु पायाखालची जमीन अजून थायलंडचीच होती. पुलावरून प्रवाशांना चालत जाऊ देत नाहीत, दोन्ही चौक्यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या बसमध्ये बसावे लागते. बस भरली, निघाली आणि काही मिनिटांतच खाली पाणी दिसू लागले. दिव्यांच्या खांबांवर आधी थायलंडचे झेंडे होते, पुलाच्या मध्यानंतर लाओसचे सुरू झाले. एवढ्या वेळात आम्ही एका देशातून गेलेलो होतो आणि दुसऱ्यात आलेलो नव्हतो, आणि बसमधल्या बाजारहाट करून परतणाऱ्या बायकांना त्याचे काहीही वाटत नव्हते. त्या तशाच डुलक्या काढत होत्या, जशा मी कळव्याच्या पुलावर काढत असे.

हा पूल ८ एप्रिल १९९४ रोजी सुरू झाला. मेकाँगच्या खालच्या टप्प्यावरचा हा पहिला पूल. त्याआधी इथले लोक नावेतून ये-जा करत. पुलाची लांबी १,१७० मीटर आहे आणि त्याचा खर्च ऑस्ट्रेलियाने मदत म्हणून उचलला. दोन्ही बाजूंना वाहनांची एकेक मार्गिका आणि मधोमध मीटर गेजचा एकच रूळ, अशी त्याची रचना आहे. या रुळावरून प्रवासी गाडी मात्र २००९ च्या मार्चमध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी धावू लागली. गाडी पुलावर येते तेव्हा रस्त्यावरची वाहतूक थांबवतात. भारतातली पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये आमच्या ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी खाडीवरच्या पुलावरून कल्याणला पोहोचली, हे वन्संनी तिथेही ऐकवले. ठाणेकरांना हे कुठेही आठवते, त्याला इलाज नाही.

मला सर्वांत गंमत वाटली ती पूल संपल्यावर. थायलंडमध्ये आपल्यासारखीच वाहने डावीकडून चालतात, तर फ्रेंच अमलाखाली राहिलेल्या लाओसमध्ये उजवीकडून. त्यामुळे लाओसच्या चौकीच्या अलीकडे एक सिग्नल ठेवला आहे, जिथे येणारी आणि जाणारी वाहने आळीपाळीने थांबतात आणि एकमेकांची बाजू घेतात. आमची बस हिरवा दिवा लागताच तिरकी सरकत उजवीकडे गेली. शिक्क्याने देश बदलला असे म्हणायचे तर म्हणावे, पण माझ्या पोटाला देश बदलल्याची खात्री त्या वळणावर पटली.

पलीकडच्या खिडकीवर व्हिसासाठी अर्ज, फोटो आणि डॉलर दिले. थायलंडच्या एका बाटला लाओसचे सहाशेहून अधिक किप मिळाल्यामुळे पर्स एकदम लक्षाधीश झाली. घड्याळ मात्र बदलावे लागले नाही. पाट्यांवरची लिपीही थाईची सख्खी चुलत बहीण वाटावी अशी होती, आणि भाषेचे नाते तर त्याहून जवळचे आहे. थायलंडच्या ईशान्येकडच्या इसान प्रदेशात लाओ बोलणारे जितके लोक राहतात, तितके खुद्द लाओसमध्येही नाहीत. याचे कारण नदीने पूर्वी काही वेगळे केलेलेच नव्हते. आज लाओसची राजधानी असलेल्या व्हियेंतियेनच्या राज्याचा मुलूख दोन्ही तीरांवर होता. १८९३ मध्ये फ्रेंचांनी सयामवर, म्हणजे तेव्हाच्या थायलंडवर, युद्धनौका आणल्या आणि डावा तीर सोडायला लावला, तेव्हापासून मेकाँग सरहद्द झाली. पुढे १९२६ च्या करारात ठरले, की सीमा नदीच्या खोल पात्रातून जाईल, परंतु जिथे बेटांमुळे पात्र दुभंगते तिथे थायलंडच्या काठाजवळचा प्रवाह सीमा मानायचा. त्यामुळे बेटे बहुतेक लाओसच्या वाट्याला गेली. आपल्याकडे ऐलतीर आणि पैलतीर हे शब्द बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतात. करारात तशी सोय नसते.

जानेवारीत नदी उतरलेली होती आणि काठाने वाळूचे पट्टे उघडे पडले होते. एवढ्या मोठ्या नदीला, तिबेटच्या पठारापासून व्हिएतनामपर्यंत चार हजारांहून अधिक किलोमीटर वाहणारीला, माणूस काय करणार, असे मला पुलावर वाटले होते. पण वरच्या अंगाला लाओसमधले सायाबुरी धरण २०१९ मध्ये सुरू झाले, त्याच वर्षाच्या अखेरीस नाँग खायच्या खालच्या भागात नेहमीची गढूळ मेकाँग निळीशार दिसू लागली. पाहणाऱ्यांनी फोटो काढले; कोळी आणि शेतकरी मात्र धास्तावले, कारण पाणी निवळले याचा अर्थ त्यातला गाळ कमी झाला, आणि मासे व शेती यांचे पोट त्या गाळावरच भरते. त्या धरणाची बहुतेक वीज थायलंड विकत घेतो. म्हणजे नदी अडते लाओसमध्ये, दिवे लागतात पलीकडे, आणि तारांना ना शिक्का लागतो ना सिग्नल.

दुसऱ्या दिवशी व्हियेंतियेनमध्ये आम्ही हॉ फ्रा केओ पाहिले. राजा सेथाथिरातने सोळाव्या शतकात पाचूच्या बुद्धासाठी बांधलेले हे मंदिर आज संग्रहालय आहे, आणि ज्याच्यासाठी ते बांधले तो बुद्ध तिथे नाही. सयामच्या सैन्याने १७७९ मध्ये ती मूर्ती नदीपलीकडे नेली. त्या सैन्याचा सेनापती तीन वर्षांनी सयामचा राजा झाला आणि त्याने बँकॉकला राजधानी केली. चारच दिवसांपूर्वी आम्ही ती मूर्ती तिथे, वाट फ्रा केओ मंदिरात, पाहिली होती. मूर्ती दोन फुटांहून थोडी उंच, हिरव्या दगडाची, हिवाळ्याचे सोनेरी वस्त्र पांघरलेली, आणि समोर इतकी गर्दी की धड मान वर करून पाहता येईना. इथे मात्र निवांत सावली होती आणि व्हरांड्यात बुद्धाच्या काशाच्या मूर्ती ओळीने बसल्या होत्या. माझे यजमान हळहळले, "परत द्यायला हवी होती."

वन्सं म्हणाल्या, "सेथाथिरातने तरी कुठून आणली होती? आजच्या थायलंडमधल्या चियांग माईहूनच ना?" मग थोडे थांबून म्हणाल्या, "आणि आपली नारोशंकराची घंटा रे?"

आमचे सासर मूळचे नाशिकचे. गोदावरीकाठच्या नारोशंकर मंदिरातली ती प्रचंड घंटा चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर तिथे आली, तिच्यावर १७२१ हे साल आणि पोर्तुगीज अक्षरे आहेत. भीमाशंकरालाही तशीच एक आहे. माझ्या यजमानांनी लहानपणी पुराच्या दिवसांत घंटेला पाणी लागले का, हे पाहायला धावत गेल्याच्या गोष्टी मला लग्नानंतर शंभरदा सांगितल्या आहेत. वसईतल्या कुठल्या चर्चचा मनोरा तिच्यावाचून राहिला, हे मात्र आमच्या घरात कधी कुणी विचारले नव्हते. ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही, कारण त्या घंटेचा अभिमान मलाही आहे आणि अजूनही आहे.

तीन दिवसांनी आम्ही त्याच वाटेने परतलो. लाओसचा शिक्का झाला, बस भरली. पुलाच्या अलीकडच्या सिग्नलपाशी आम्ही बराच वेळ थांबलो, समोरून मालाने लादलेल्या ट्रकांची रांग येत होती. वन्सं खिडकीपाशी बसल्या होत्या. दिवा हिरवा झाला, बस तिरकी सरकून डावीकडे आली, तेव्हा त्या पदर सावरत म्हणाल्या, "चला, आता बरोबर बाजूला आलो," आणि मागच्या सीटवरची एक लाओ बाई, काहीही न कळता, आमच्याकडे बघून हसली.