३सी २७३: तीन अमावास्या, एक वर्णपट आणि वहीतले प्रश्न

२६ एप्रिलच्या रात्री घेतलेल्या वर्णपटाचं (प्रकाशाचे रंग वेगळे करून मिळणाऱ्या पट्ट्याचं) काम काल संपलं. हायड्रोजनच्या तीन रेषा, आणि तिन्हींचं उत्तर एकमेकांशी जुळणारं: ताम्रसृती (प्रकाशाच्या लहरी तांबड्याकडे किती ताणल्या गेल्या त्याचं माप) ०.१५८ च्या आसपास. कन्या राशीतल्या ३सी २७३ या क्वेसारचा (कृष्णविवरात पडणाऱ्या वायूमुळे तळपणाऱ्या, दूरच्या दीर्घिकेच्या गाभ्याचा) हा आकडा पुस्तकांत १९६३ पासून छापलेला आहे. आता तो माझ्या आठ इंची दुर्बिणीतूनही आला. फेब्रुवारीपासूनची नोंद सलग लिहून ठेवतेय, कारण वाटेत ज्या चुका झाल्या त्या इतरांच्याही होतील. शिवाय वहीत साठून राहिलेल्या काही प्रश्नांना या निमित्ताने हात घालता आला.

आधी साहित्य. २०० मिलिमीटर आरशाची, १००० मिलिमीटर नाभीय अंतराची न्यूटोनियन दुर्बीण. मोटार लावलेलं विषुववृत्तीय माउंट. कृष्णधवल कॅमेरा, पिक्सेल २.९ मायक्रॉनचा, रुंदी १९३६ पिक्सेल. आणि कॅमेऱ्याच्या नळीत फिल्टरसारखी आटे फिरवून बसवायची ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाचे रंग पसरवणारी बारीक रेघांची काच, मिलिमीटरला १०० रेघांची. ग्रेटिंग सेन्सरपासून ६० मिलिमीटरवर ठेवली की एका पिक्सेलमागे साधारण ४.८ अँगस्ट्रॉम (प्रकाशाची तरंगलांबी मोजायचं एकक) येतात. म्हणजे तारा स्वतः आणि त्याचा तांबड्यापर्यंतचा सगळा वर्णपट एकाच फ्रेममध्ये मावतो. हे गणित घरी आधी करा. मी सुरुवातीला अंतर ८० ठेवणार होते. वर्णपट जास्त पसरला असता खरा, पण साडेपाच मिलिमीटरच्या सेन्सरवर तांबड्या टोकाला जागा उरली नसती.

क्वेसारच का, आणि हाच का? कारण आकाशातला हा सगळ्यात तेजस्वी दिसणारा क्वेसार आहे, प्रत (तेजाची श्रेणी; आकडा मोठा तितकं तेज कमी) १२.९. त्याच्या रेषा रुंद आणि उठावदार आहेत, त्यामुळे आमच्यासारख्या ढोबळ साधनांनाही त्या सापडतात. जुन्नरवरून तो ७३ अंशांपर्यंत वर चढतो. युरोपातल्या हौशी लोकांना तो इतका उंच मिळत नाही, आपण त्याचा फायदा घ्यायला हवा.

२७ फेब्रुवारी. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी जुन्नर तालुक्यातल्या मामांच्या मळ्यावर गेले. चारी बाजूंना ऊस, आणि उसात बिबट्या असतो हे इथे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्यामुळे दुर्बीण शेतात न लावता घराच्या स्लॅबवर लावली. क्वेसार शोधायला कन्येतल्या ईटा ताऱ्यापासून ईशान्येला साडेतीन अंश सरकायचं. दीड तास नकाशा आणि फ्रेम ताडून पाहिल्यावर तो सापडला. पण त्या रात्रीचा वर्णपट वाया गेला: शेजारच्या एका ताऱ्याचा पट्टा बरोबर याच्या पट्ट्यावर पडला होता, आणि ते मला घरी सगळ्या फ्रेम एकावर एक रचून (स्टॅक करून) पाहिल्यावर कळलं. उपाय साधा आहे. कॅमेरा आणि ग्रेटिंग एकत्र फिरवायची, एक मिनिटाची फ्रेम घ्यायची, क्वेसारचा पट्टा मोकळ्या आकाशात पडतोय याची खात्री झाल्यावरच पुढे जायचं. दुसरं म्हणजे स्लॅबवर कुणी चाललं की दुर्बीण हलते. पुढच्या खेपेला घरच्यांना तेवढी विनंती केली.

२८ मार्च. उत्तम रात्र. क्वेसार पाऊण वाजता मध्यमंडलावर, म्हणजे त्याच्या सगळ्यात उंच जागी. एक मिनिटाच्या ७५ फ्रेम, आणि आधी-नंतर उत्तरा फाल्गुनीच्या दहा-दहा फ्रेम. हा तारा मापपट्टी म्हणून फार सोयीचा: वर्णपटात हायड्रोजनच्या ठळक रेषा, आणि जागा जवळच. त्याची हायड्रोजनची बीटा रेषा ताऱ्याच्या प्रतिमेपासून १००६ पिक्सेलवर आली. ती ४८६१ अँगस्ट्रॉमची, म्हणजे पिक्सेलमागे ४.८३.

आता क्वेसार. ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेषा काळ्या खाचा असतात, इथे त्या टेकड्या आहेत. एक ठळक टेकडी ११६६ पिक्सेलवर, म्हणजे ५६३२ अँगस्ट्रॉमला. तिच्या अलीकडे एक छोटी, १०४१ वर, म्हणजे ५०२८ ला. त्या हायड्रोजनच्या बीटा आणि गॅमा रेषा मानून त्यांच्या मूळ तरंगलांबीने भागलं आणि एक वजा केला: ०.१५८६ आणि ०.१५८५. स्क्रीनकडे बघत मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

मार्टेन श्मिट यांच्यापुढे १९६३ मध्ये हेच कोडं होतं. आदल्या वर्षी चंद्राने ३सी २७३ ला झाकलं तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीने त्याची नेमकी जागा पकडली होती. त्या जागी जो ताऱ्यासारखा ठिपका दिसत होता त्याच्या वर्णपटातल्या रेषा कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेनात. पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीचा वर्णपट समोर घेऊन बसलेल्या श्मिटना दिसलं की या हायड्रोजनच्याच रेषा आहेत, फक्त सगळ्या १.१५८ पटींनी ताणलेल्या. त्या रात्री माझ्या हातात निव्वळ भागाकार होता, उत्तर आधीच माहीत होतं. तरी ते गुणोत्तर दोन वेगळ्या रेषांतून एकच निघताना बघणं काय असतं, हे त्यांचं चरित्र वाचून कळलं नसतं.

हायड्रोजनच्या तिसऱ्या, अल्फा रेषेने मात्र दगा दिला. सगळ्यात मोठी टेकडी तिचीच, पण ती १५६८ पिक्सेलवर. उत्तर ०.१५३९. पाच पिक्सेलचा फरक वाचनातल्या चुकीने येत नाही. तीन आठवडे हे मनात घर करून होतं.

मधले दिवस, वही. ताम्रसृती हातात आल्यावर पहिला प्रश्न: हा वेग आहे का? ०.१५८ ला प्रकाशाच्या वेगाने गुणलं तर सेकंदाला ४७,४०० किलोमीटर. सापेक्षतेचं डॉपलर सूत्र (वेगामुळे लहरी किती ताणल्या जातात ते सांगणारं) वापरलं तर ४३,७००. दोन सूत्रं, दोन वेग, मग खरा कुठला? मी दोन्ही आकडे वहीत खोडले. वर्णपट जे थेट सांगतो ते एवढंच: हा प्रकाश निघाला तेव्हापासून आतापर्यंत विश्वातली अंतरं १.१५८ पट झाली, आणि प्रकाशाच्या लहरीही तेवढ्याच ताणल्या गेल्या. तेव्हा विश्व आजच्या ८६ टक्के आकाराचं होतं. हे वाक्य मला वेगापेक्षा कितीतरी स्वच्छ वाटतं, कारण त्यात कोण कशापासून पळतंय हा घोळच नाही. दर मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला ७० किलोमीटर हा प्रसरणाचा दर, म्हणजे हबल दर, धरला तर प्रकाश निघून सुमारे २०० कोटी वर्षं झाली, आणि तो क्वेसार आज २१३ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. २०० आणि २१३ मधला फरक म्हणजे प्रकाशाने कापून मागे टाकलेली वाट नंतर जेवढी ताणली गेली तेवढी वाढ.

७० हा दर मी मधला घेतलाय. प्लांक उपग्रहाच्या मोजमापातून ६७.४ येतो, सेफीड तारे आणि अधिनवतारे यांच्यावरून पायरीपायरीने अंतरं मोजणाऱ्या शिडीने ७३. पहिला घेतला तर अंतर २२१ कोटी प्रकाशवर्षं, दुसरा घेतला तर २०४. हबल दराचा वाद म्हणजे दशांशातली कुरकुर असं मी समजत होते. एका ओळखीच्या ठिपक्याची जागा १७ कोटी प्रकाशवर्षांनी मागेपुढे होते म्हटल्यावर तो वाद जवळचा वाटू लागला.

आणि ताम्रसृती म्हणजे अंतर, हे गृहीत तरी का धरायचं? पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांनी हॉइल, बर्बिज, आर्प या खगोलशास्त्रज्ञांसोबत हा प्रश्न कित्येक वर्षं लावून धरला होता. या क्वेसारपुरतं तरी उत्तर मला पटलं ते असं: १९९१ मध्ये हबल दुर्बिणीने त्याच्या अतिनील वर्णपटात कन्या दीर्घिकासमूहातल्या वायूने शोषलेल्या रेषा पाहिल्या. म्हणजे तो प्रकाश त्या समूहातून गाळून आपल्याकडे येतोय. उगम पलीकडेच असणार.

आमच्या गटातल्या एका शिक्षकांचा प्रश्न याहून अवघड निघाला. चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो. हबलचा नियम (अंतर जितकं जास्त, तितका दूर जाण्याचा वेग जास्त) पृथ्वी-चंद्र अंतराला लावला तर वर्षाला २.८ सेंटिमीटर येतात, हे त्यांनी स्वतः काढून दाखवलं. मग चंद्र विश्वाच्या प्रसरणामुळेच लांब जात असेल का? आकडे इतके जवळ आहेत की मलाही क्षणभर शंका आली. मग तेच सूत्र मी पृथ्वी-सूर्य अंतराला लावलं: वर्षाला जवळपास ११ मीटर. ग्रहांची अंतरं आपण रडार आणि मंगळावरच्या यानांच्या संदेशांवरून काही मीटरपर्यंत मोजतो. अशी वाढ असती तर काही वर्षांतच उघड झाली असती. ती नाही. चंद्राचं कारण भरती-ओहोटी. पृथ्वीचं फिरणं मंदावतं आणि तो फिरण्याचा जोर (कोनीय संवेग) चंद्राच्या कक्षेत जातो. प्रसरण दिसतं ते दीर्घिकासमूहांच्या दरम्यान. जिथे गुरुत्वाकर्षणाने वस्तू एकमेकींना बांधून ठेवल्या आहेत तिथे ताणायला काही उरत नाही. देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडेच येतेय.

२६ एप्रिल. संध्याकाळी मामा वर आले. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटीच्या) तबकड्या त्यांच्या जुन्या ओळखीच्या, त्यामुळे आकाशातून काहीतरी येतं आणि ते मोजता येतं हे त्यांना सांगावं लागत नाही. स्क्रीनवरचा ठिपका दाखवून म्हटलं, मामा, याच्या पोटात कृष्णविवर आहे. त्यांनी विचारलं, "आतून उजेड भायेर येत नाही म्हणतेस, मग ह्यो उजेड कुणाचा?"

याहून नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. उजेड विवराचा नाही, त्यात पडायला निघालेल्या वायूचा आहे. तो सरळ पडत नाही. भोवती घिरट्या घालत, घासत, तापत आत जातो. हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाचा ०.७ टक्के भाग ऊर्जा होतो. असा फिरत पडणारा वायू दहा टक्क्यांच्या घरात देऊ शकतो. म्हणून हा क्वेसार ३३ प्रकाशवर्षांवर आणून ठेवला तर आपल्या सूर्याइतका तळपेल. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या ग्रॅव्हिटी उपकरणाने २०१८ मध्ये या रुंद रेषा देणाऱ्या वायूचं फिरणंच मोजलं आणि विवराचं वस्तुमान सुमारे २६ कोटी सूर्यांइतकं काढलं. सूर्याला तीन किलोमीटर त्रिज्या या हिशेबाने घटना क्षितिजाची (जिच्या आतून उजेड बाहेर येत नाही त्या सीमेची) त्रिज्या ७८ कोटी किलोमीटर होते. ही जवळपास गुरूची कक्षा. त्या गोलाची सरासरी घनता काढली तर पाण्याच्या पाव पटीहून थोडीच जास्त. मामांनी हे पुन्हा एकदा सांगायला लावलं. कृष्णविवर म्हणजे दाबून दाबून घट्ट केलेली वस्तू, हे चित्र मीही लहानपणापासून बाळगून होते. वस्तुमान वाढतं त्या प्रमाणात त्रिज्या वाढते, घनफळ मात्र तिच्या घनाने वाढतं, आणि ते चित्र मोडतं.

रात्री ९० फ्रेम मिळाल्या. शेवटच्या तासात पश्चिमेला धुरकट होतं, त्या आठ फ्रेम काढून टाकल्या.

अल्फाचं कोडं उत्तरा फाल्गुनीने सोडवलं. तिचा वर्णपट शेवटपर्यंत नीट पाहिला तर १५७५ च्या जवळ एक खाच आहे, आणि ती ताऱ्याची नाही. ७५९४ अँगस्ट्रॉमपासून पुढे आपल्या हवेतला ऑक्सिजन प्रकाश खातो. क्वेसारची अल्फा रेषा ताणली जाऊन नेमकी ७६०० वर येते. टेकडीचा तांबडा उतार हवेने खाल्ला, म्हणून शिखर निळ्याकडे सरकल्यासारखं दिसलं. १९६३ मध्येही ही रेषा श्मिट यांच्या फोटोत नव्हती; त्यांचे सहकारी ओक यांनी ती ७६०० च्या जवळ पकडली होती. मी यावेळी उत्तरा फाल्गुनीच्या फ्रेम क्वेसारच्याच उंचीवर असताना घेतल्या होत्या. तिच्या वर्णपटातल्या हायड्रोजनच्या खाचा बुजवून, उरलेल्याने क्वेसारच्या वर्णपटाला भागलं. शिखर १५७३ वर आलं. ७५९८ अँगस्ट्रॉम, ०.१५७७. बीटा ०.१५७६, गॅमा ०.१५७४. ताऱ्याची प्रतिमाच पाच पिक्सेल जाड असते हे लक्षात घेता ०.००३ इतकी चूक मी धरून चालते.

त्या खाचेबद्दल अजून एक. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठायला लागला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. हा प्रकाश क्वेसारमधून निघाला २०० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा इथे सूक्ष्मजीवांखेरीज काही नव्हतं; ज्या काळ्या कातळावर मामांचं घर उभं आहे तो लाव्हा यायला अजून १९० कोटींहून जास्त वर्षं होती. अल्फा रेषेचा हा प्रकाश वाटेत कुठे अडला नाही. अडला तो शेवटच्या काही किलोमीटरमध्ये, त्या ऑक्सिजनमध्ये. भागाकार करताना मी तो बाजूला काढला खरा, पण खाच असलेला मूळ आलेखही छापून वहीत चिकटवलाय.

पुढचा हंगाम: लिंक्स तारकासमूहातला एपीएम ०८२७९+५२५५. प्रत १५ च्या आसपास, ताम्रसृती ३.९१. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखा उजळलेला, म्हणून आपल्या आवाक्यात. हायड्रोजनची १२१६ अँगस्ट्रॉमची अतिनील रेषा त्यात ५९७० ला, पिवळ्या-नारिंगी रंगात येते. जानेवारीपासून मिळेल. माझ्या हिशेबाने आठ इंचीला निदान चार तासांच्या फ्रेम लागतील, आणि माझं माउंट गाइडिंगशिवाय (दुसऱ्या छोट्या दुर्बिणीने एका ताऱ्यावर नजर ठेवून दिशा सुधारत राहण्याशिवाय) तितका वेळ तग धरत नाही. कुणाकडे वापरात नसलेला गाइड स्कोप असेल तर दोन महिन्यांसाठी हवा आहे. थंडीत स्लॅबवर दव फार पडतं, त्यासाठी आरशाच्या नळीभोवती गुंडाळायचा हीटर मी पावसाळ्यात शिवून ठेवणार आहे.