वाजणारी भाजी

कुडाळच्या आठवडा बाजारात तांबड्या भाजीची जुडी घेताना मी पानांकडे फारसं बघत नाही. पानं सगळ्यांचीच टवटवीत. दर थोड्या वेळाने पाण्याचा हबका मारला की कालची भाजीसुद्धा नुकती न्हाऊन आल्यासारखी दिसते. उलट जी जुडी फार निथळत असते ती मी टाळते. घरी येईपर्यंत मधली पानं बुळबुळीत झालेली असतात. विकणाऱ्या मावशींनाही हे ठाऊक. "मोडून बघ गो बाय, वाजता काय नाय?" देठ मोडायचा. कट्ट करून तुटला तर कोवळा. वाकला आणि सालीच्या दोऱ्याला लोंबकळत राहिला तर जून. जुडीचं बंधन सोडून आत बघू द्यायला मात्र कुठलीच मावशी तयार नसते, आणि बरोबरच आहे त्यांचं.

हे कानाचं शिक्षण आईचं. फोडशी ही पावसाळी रानभाजी तर वरून निव्वळ गवत. आई बुडाचा पांढरा भाग दाबून बघते आणि मधला दांडा कडक लागला की जुडी परत ठेवते. अळवाची खरी परीक्षा घशातच व्हायची, म्हणून तिथे ती कोणावरच विश्वास न ठेवता सरळ आमसुलं घालते.

परवा जुलैच्या धो धो पावसात पुण्याहून भाची आली. येताना डब्यात लेट्यूसचा गड्डा घेऊन आली, सलाडसाठी. प्रवासात त्याची मान पडली होती. मी म्हटलं, गेला हा. भाचीने पानं सुटी करून गार पाण्यात बुडवली आणि अर्ध्या तासात ती अशी ताठ झाली की आईने एक पान उचलून कानाशी नेऊन मोडलं. वाजलं! नुसतं मलूल झालेलं पान तहानलेलं असतं, पाणी पिऊन उठतं. पिवळं पडलेलं किंवा बुळबुळीत झालेलं काही केल्या उठत नाही. हे आम्ही कोथिंबिरीवरून जाणतोच, पण या परक्या पाल्यालाही तोच नियम लागू, याचं आईला फार समाधान वाटलं.

मग तिने गड्ड्याचं बूड विळीवर चकतीएवढं कापलं. कापल्या जागी पांढरे थेंब उभे राहिले. "ह्येका चीक आसा," ती म्हणाली, फणस ओळखावा तशी. खरंच आहे. त्याचं लॅटिन नाव लॅक्टुका, ते दुधावरूनच पडलं. उन्हाळा लागून झाड फुलावर आलं की पानं कडू होतात, एवढं भाचीने सांगितल्यावर आईने मान डोलावली. फुलावर आलेला पाला खायचा नाही, यात तिला नवीन काही नव्हतं.

आतली पानं भाचीने लिंबू, मीठ, तेल लावून खाल्ली. बाहेरची जाड पानं आईने लसूण-मिरचीवर परतली, वर खोबरं. कढईभर पाल्याची वाटीभर भाजी झाली. चव? पाणचट. मला सलाडच बरं वाटलं, पण आईसमोर बोलले नाही.

"उद्या टाकळो करतंय," आई म्हणाली, फणसाच्या आठळ्या घालून. टाकळा ही पावसातली रानभाजी, कोवळी असते ती आत्ताच. पिवळी फुलं आली की संपली. संध्याकाळी भाची हौसेने परसात गेली आणि हात हलवत परत आली.

"आजी, सगळा मलूल झालाय गं. पानं मिटलीत. पाण्यात घालून उठेल का?"

आई हसायलाच लागली. "पालो सुकूक नाय गो. निजलो तो. सकाळी जा."